दोन मोसमी पावसांचं बेट: श्रीलंका, ऑगस्टमध्ये

श्रीलंकेला जायचं म्हटलं की जो तो डिसेंबर-जानेवारी सुचवतो. आम्ही ऑगस्ट धरला. मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर शाळेचं वेळापत्रक आड येत नाही. धाकटा भाऊ वाईजवळ शेती करतो; भात लावून झालं होतं, सोयाबीनची भांगलण मजुरांवर सोपवून तो निघाला. ऑगस्टच का, तर त्या महिन्यात हे बेट दोन तुकड्यांत वागतं. नैर्ऋत्य मोसमी वारा एका बाजूला धो धो कोसळत असतो आणि डोंगरापलीकडे लोक आभाळाकडे बघत असतात. ते दोन्ही एकाच फेरीत बघायचं होतं.

देश तसा लहान. ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. उत्तर-दक्षिण सुमारे ४३० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त सव्वादोनशे. कागदावर नऊ प्रांत आणि २५ जिल्हे आहेत, पण आम्ही ते बाजूला ठेवले. खरी हद्द मध्यभागाच्या जरा दक्षिणेला असलेल्या डोंगररांगेची. महाबळेश्वर आणि माण-म्हसवड एकाच जिल्ह्यात बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की माणची पाळी कधी येत नाही. इथे येते: ऑक्टोबरपासून वारे फिरतात, आधी वादळी पाऊस, मग ईशान्य मोसमी, आणि जानेवारीपर्यंत कोरडी बाजू ओली होऊन जाते.

रविवार: नेगोंबो ते अनुराधपूर

मुंबईहून अडीच तासांत कटुनायक. विमानतळ कोलंबोचा म्हणतात, पण तो नेगोंबोच्या कुशीत आहे. घड्याळ बदलायचं काम नाही, वेळ आपलीच. बाहेर भुरभुर पाऊस आणि नजर पोचेल तिथवर नारळ. नेगोंबोच्या वाळूवर काथ्याच्या चटया अंथरून मासे वाळत घातले होते. सर आली की बायका पळत येऊन प्लॅस्टिक ओढायच्या, उघडलं की काढायच्या. गावात चर्च जागोजागी, दुकानांच्या पाट्यांवर फर्नांडो आणि परेरा. वसईत उतरल्यासारखं वाटावं, आणि कारणही तेच: पोर्तुगीज.

नाश्त्याला इंदिआप्प आले, सोबत खोबऱ्याचा लाल तिखट पोल सांबोल. आमचं आजोळ चिपळूणचं. भाऊ ताटाकडे बघून म्हणाला, "ताई, हे शिरवाळे की गं, फक्त गोड रस विसरलेत."

गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर पन्नाशीचे, सिंहली. पहिल्या तासातच मी त्यांची 'अक्का' झाले आणि भाऊ 'मल्ली'. किनाऱ्याने उत्तरेला निघालो. कोलंबो, कुरुणेगल आणि पुत्तलम यांच्यामधला हा पट्टा नारळाचा त्रिकोण म्हणून ओळखला जातो. चिलावच्या पुढे देदुरु ओया नदी ओलांडली आणि दृश्य बदलायला लागलं. आधी पाऊस थांबला, मग नारळ विरळ झाले, मग रस्त्याकडेची माती फिकी पडली. पुत्तलमला मिठागरं आणि ताडाची झाडं. तिथून आत वळल्यावर विल्पत्तूच्या बाजूचं काटेरी जंगल सुरू झालं आणि गाडीच्या काचेवर धूळ बसली. सकाळी छत्री उघडली होती, हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

सोमवार: अनुराधपूर

इथला प्रदेश 'कोरडा विभाग' म्हणून ओळखला जातो. वर्षाला पाऊस साधारण तेराशे मिलिमीटर. भावाने हा आकडा मला दोनदा विचारला, कारण तो पुण्याच्या जवळजवळ दुप्पट आहे! पण तो बहुतेक तीन-चार महिन्यांत पडून जातो, जमीन सपाट, ऊन कडक, आणि उरलेलं वर्ष कोरडं. पडलेलं पाणी धरून ठेवलं तरच माणूस इथे राहणार. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथे राजधानी झाली ती या धरून ठेवण्याच्या जोरावर.

सकाळी श्रीमहाबोधीला गेलो. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेहून आणलेल्या फांदीचा हा वृक्ष. पांढऱ्या कपड्यांतली माणसं कमळं घेऊन शांतपणे रांगेत. रुवनवेलिसायाचा पांढराशुभ्र स्तूप, जेतवनारामाचा विटांचा डोंगर, हे सगळं बघितलं; त्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे, मी भर घालत नाही.

आमचा दिवस गेला तळ्यांवर. तळ्याला सिंहलीत वेवा. अभय वेवा आणि तिस्स वेवा ही शहरालगतची जुनी तळी, पण भावाला ओढ लागली ती कला वेवाची. पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेलं. तिथून अनुराधपूरकडे येणारा योद एल कालवा ८७ किलोमीटर लांब आणि सुरुवातीच्या टप्प्यात त्याला उतार किलोमीटरला जेमतेम दहा सेंटीमीटर. भाऊ कालव्याच्या काठावर बसून बराच वेळ पाण्यावरची पानं बघत राहिला. "लेव्हल कशानं काढली असंल?" एवढंच म्हणाला. कालव्याला एकाच बाजूला बांध आहे. दुसरी बाजू मोकळी, त्यामुळे वाटेतल्या चढावरून येणारं पावसाचं पाणीही त्यात उतरतं आणि मध्ये मध्ये तो फुगून तळ्यासारखा पसरतो.

धातुसेनाची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. मुलगा कश्यप याने गादी बळकावली आणि बापाला खजिना कुठे दडवलास म्हणून विचारलं. धातुसेन त्याच्या माणसांना कला वेवावर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, माझी दौलत ती एवढीच. कश्यपाने त्याला ठार मारलं.

मोठ्या तळ्यांपेक्षा मला लहान तळ्यांनी जास्त गुंतवलं. एकाच खोऱ्यात वरपासून खालपर्यंत तळ्यांची माळ असते, तिला एल्लंगाव म्हणतात. वरच्या तळ्याखालच्या भाताला पाजून उरलेलं पाणी पाझरत खालच्या तळ्यात येतं, तिथून पुढच्या भाताला. एका गावात एक म्हातारे शेतकरी आम्हाला बांधावरून फिरवत होते, ड्रायव्हरकाका दुभाषे. तळ्याच्या वरच्या अंगाला गवताचा पट्टा, गाळ तिथेच अडावा म्हणून. त्याला लागून झाडांची रांग, वारा अडून पाणी कमी उडावं म्हणून. आणि बांधाच्या खाली, भातखाचरं सुरू होण्याआधी, झुडपांची एक दाट पट्टी मुद्दाम राखलेली: कट्टकडुव. पाझरात आलेला क्षार ती झाडं ओढून घेतात आणि खाचर खारावत नाही. भावाने तिथली माती चिमटीत घेऊन जिभेला लावली. म्हाताऱ्यांनीही लावली. दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. मला काही विचारलं नाही.

पाणी कमी असेल त्या हंगामात बेत्म करतात. बांधाजवळची भिजू शकेल एवढीच जमीन पेरायची आणि ती मालकी बाजूला ठेवून सगळ्यांत वाटून घ्यायची. धुळे-नाशिककडची फड पद्धत ज्यांनी बघितली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल.

मंगळवार, बुधवार: जाफना

ए-९ रस्ता. वावुनिया गेलं की पाट्यांवर तमिळ आधी यायला लागते, किलिनोच्चीपर्यंत देवळांची गोपुरं दिसतात. एलिफंट पासला रस्ता खाजणातून चिंचोळ्या पट्टीवरून जातो. ज्याच्या हातात ही पट्टी त्याच्या हातात द्वीपकल्प, म्हणून २००९मध्ये संपलेल्या युद्धात इथे वारंवार लढाया झाल्या. आमचे ड्रायव्हर या टापूत जरा गप्प झाले. जाफन्यात पाणी विकत घेताना त्यांचं सिंहली दुकानदाराला येईना आणि दुकानदाराचं तमिळ त्यांना. दोघांनी मोडक्या इंग्रजीत व्यवहार केला. एवढ्याशा देशात!

जाफन्याचा भूगोल बाकीच्या बेटापासून वेगळाच आहे. श्रीलंकेचा बहुतेक भाग अतिप्राचीन रूपांतरित खडकाचा, इथे मात्र चुनखडक. जमीन टेबलासारखी सपाट, बारमाही नदी एकही नाही. पाऊस पडतो तो चुनखडकातून थेट खाली जातो आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन तरंगतो. सगळं जाफना या थरावर जगतं. पुत्तूरजवळची निलावरै विहीर बघितली: वर गोडं, खोल गेलं की खारं. कांदा, मिरची, तंबाखू, अगदी द्राक्षंसुद्धा, सगळं विहिरीवर, लाल मातीत, ताडाच्या झावळ्यांच्या कुंपणात. पंप जास्त वेळ चालवला की खारं पाणी वर येतं. एका कांद्याच्या वावरात भावाने खुणेनेच विचारलं, किती वेळ चालवता? त्या माणसाने पंपाकडे बोट दाखवलं, मग जिभेकडे. चव बदलली की बंद.

नल्लूरच्या कंदस्वामी कोविलचा उत्सव चालू होता. पंचवीस दिवस चालतो. पुरुषांनी सदरा काढून जायचं, तेव्हा भाऊ आणि ड्रायव्हरकाका उघड्या अंगाने एकाच रांगेत. १९८१मध्ये जाळलेलं सार्वजनिक ग्रंथालय आता पुन्हा पांढरंशुभ्र उभं आहे. आत एक शाळकरी मुलगी भूगोलाचाच नकाशा भरत बसली होती.

बुधवारी पुंगुडुतीवच्या टोकाशी कुरिकट्टुवान धक्क्यावरून बोटीने नैनातीव. एका बेटावर नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि चार पावलांवर बौद्धांचा नागदीप विहार. बोटीत कोंबून बसवतात, लाइफ जॅकेट मागून घ्यावं.

गुरुवार: मिन्नेरिया

जाफना ते हबरणा, दिवसभर गाडीत. संध्याकाळी मिन्नेरिया. तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधलेलं तळं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात इथे हत्ती जमतात ते या तळ्यामुळेच. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या तळावर कोवळं गवत येतं, आसपासचं रान तेव्हा वाळलेलं असतं. कळप, पिल्लं, मध्ये एखादा एकटा नर. जीपवाल्याने सांगितलं की वरच्या धरणांतून ऐन उन्हाळ्यात इथे पाणी सोडलं तर गवत बुडतं आणि हत्ती येत नाहीत. म्हणजे शेतकऱ्याला हवं ते पाणी हत्तीला नको असतं. जीपची गर्दी मात्र आवरायला हवी. हत्तींपेक्षा आम्हीच जास्त होतो.

शुक्रवार: सिगिरिया, मग कॅंडी

सिगिरिया पहाटे चढलो. बापाला मारून कश्यप या दोनशे मीटर उंच खडकावर येऊन राहिला, हे कला वेवा बघून आल्यावर वेगळं वाटतं. पायथ्याच्या बागेतली कारंजी पावसाळ्यात अजून चालतात, म्हणजे पाण्याचं गणित मुलालाही येत होतं. वरून सपाट रान, त्यात मधूनच वर आलेले खडक आणि चमकणारी तळी. आपल्या बेसाल्टच्या पायऱ्यांची सवय असलेल्या डोळ्यांना हे गोलसर, सुटे कातळ परके वाटतात.

दंबुल्लाहून मातले, मग चढण. हवा ओली झाली, मिरीचे वेल दिसले. कॅंडीच्या आधी पोल्गोल्लाला थांबलो, ते भावाच्या हट्टापायी. महावेली ही देशातली सर्वात लांब नदी, ३३५ किलोमीटर. उगम ओल्या डोंगरात, शेवट त्रिंकोमालीच्या बाजूला. १९७६मध्ये इथे बंधारा घालून तिचं पाणी बोगद्यातून डोंगराआड उकुवेलाला काढलं, तिथे वीज करून ते उत्तरेच्या कोरड्या विभागाकडे सोडलं जातं. आपण जे कालपर्यंत तळ्यांत बघत होतो त्यातलं काही या डोंगरातलं आहे, हे कळल्यावर भावाने बंधाऱ्याचे बारा फोटो काढले. दळदा मालिगावात, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या देवळात, एकही नाही. कॅंडीत एसल पेराहेराचे, म्हणजे त्या देवळाच्या मिरवणुकांचे दिवस, खोल्यांचे भाव तिप्पट. १८१५पर्यंत हे राज्य टिकलं ते डोंगर आणि महावेलीच्या जोरावर. किनारा त्याआधीच दोनशेहून जास्त वर्षं परक्यांकडे होता.

शनिवार: कॅंडी ते हपुतले, रेल्वेने

या प्रवासातला माझा दिवस हा. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज, त्यामुळे डबा ऐसपैस. राखीव तिकिटं कधीच संपलेली, दुसऱ्या वर्गात जागा मिळेल तिथे बसायचं. गंपोला, नावलपिटिया, आणि मग गाडी चढायला लागते. हॅटनला पाऊस इतका की चहाचे मळे फक्त हिरवा रंग म्हणून दिसत होते. कुणी खिडक्या लावल्या, कुणी उघड्याच ठेवल्या, फेरीवाला कोळंबी रुतवलेले वडे घेऊन सगळ्यांना ओलांडत गेला. तलवाकेलेला सेंट क्लेअर्सचा धबधबा क्षणभर दिसला. नानुओयाला निम्मा डबा नुवारा एलियासाठी उतरला आणि आम्हाला खिडकी मिळाली. बोटं गारठलेली.

मग पट्टीपोला, सुमारे १,९०० मीटर, देशातलं सर्वात उंच स्टेशन. फलाटावर धुकं, स्टेशनमास्तरांच्या अंगात स्वेटर. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात बोगद्यात शिरली. इथे मध्य प्रांत संपतो आणि उवा सुरू होतो. काचेवरून पाणी ओघळत होतं. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा काचेवर तेच थेंब होते, पण त्यांच्यातून ऊन येत होतं. ओहियाला फलाट कोरडा ठणठणीत, दोरीवर कपडे वाळत घातलेले. मागे वळून बघितलं तर ढग रांगेच्या माथ्यावर अडून उभा, अलीकडे उतरायचं नाव नाही. पर्जन्यछाया हा धडा मी किती तुकड्यांना फळ्यावर बाण काढून शिकवला असेल! भाऊ म्हणाला, "मुलांना इथं आणायला पायजे होतं."

रविवार: हपुतले

गाव धारेवर बसलं आहे. दक्षिणेला दरी सुटते ती थेट मैदानापर्यंत. सकाळी डंबतेन्नच्या बाजूला मळ्यांतून चढत लिप्टन्स सीटला गेलो. थॉमस लिप्टनने १८९०मध्ये या भागात मळे घेतले. त्याआधीची गोष्ट कॉफीची: १८६९पासून तांबेऱ्याने कॉफी बुडवली आणि १८६७मध्ये जेम्स टेलरने कॅंडीजवळ लूलेकोंदेराला लावलेला चहा सगळीकडे पसरला.

इथला चहा उंचीवरून ओळखतात: सहाशे मीटरखालचा, सहाशे ते बाराशेमधला आणि त्यावरचा. पण उंचीइतकाच वाराही महत्त्वाचा. जुलै ते सप्टेंबर पलीकडे पाऊस रिकामा करून आलेला वारा उवामध्ये गरम आणि कोरडा होऊन उतरतो. त्याला कच्चान म्हणतात. झुडूप तहानतं, पान सावकाश वाढतं आणि चहाला एक थंडसर, पुदिन्याच्या जवळ जाणारा वास येतो. पश्चिमेकडच्या दिंबुलाचा असाच उत्तम हंगाम जानेवारी ते मार्च, कारण तेव्हा कोरडा वारा तिकडे असतो. कारखान्यात पानं लांब जाळ्यांवर पसरून खालून हवा सोडलेली, मग पिळणं, तांबूस होईपर्यंत ठेवणं, भाजणं, चाळणं. चव घ्यायला दूध न घातलेला कप दिला. भावाने साखर मागितली. मी ऐकलं नाही असं केलं.

पानं खुडणाऱ्या बायका तमिळ. इंग्रजांनी दक्षिण भारतातून आणलेल्या मजुरांच्या नाती-पणत्या. १९४८च्या कायद्याने यातल्या बहुतेकांचं नागरिकत्व गेलं. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारात सव्वापाच लाख भारतात पाठवायचे आणि तीन लाख तिकडे ठेवायचे असा हिशोब झाला; माणसांचा. अजून बरीच कुटुंबं ब्रिटिश काळातल्या 'लाइन' नावाच्या चाळींत, एकेका खोलीत राहतात. मळ्याचे फोटो काढताना त्या लाइनी चौकटीबाहेर ठेवायची सगळ्यांना सवय आहे.

सोमवार: खाली, हंबनटोटाकडे

बेरगल्लाहून वेल्लवायापर्यंत घाट. वाटेत दियालुमा, २२० मीटरचा धबधबा, या महिन्यात दोरीएवढा बारीक. खाली उतरताच पुन्हा उकाडा, मोर, कोरडे ओढे. रस्त्याकडेला मडक्यात म्हशीचं दही. त्यावर कितुल ताडाची काकवी. भावाने दोन मडकी संपवली.

हंबनटोटा आणि वायव्येकडचं मन्नार हे देशातले सर्वात रूक्ष तुकडे. दोन्ही मोसमी वारे यांना घासून जातात, धडकत नाहीत. मिठागरं, आणि २०१७मध्ये चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाड्याने दिलेलं बंदर. तरी सरासरी पाऊस हजार मिलिमीटरच्या आसपास. पुण्याचं नाव आता आम्ही घेणं सोडून दिलं होतं.

मंगळवार: गॅले

पश्चिमेला वळलो. दोंद्राचं दीपगृह हे देशाचं दक्षिण टोक. पुढे अंटार्क्टिकापर्यंत नुसतं पाणी. मातरा गेलं आणि पाऊस पुन्हा भेटला.

गॅलेच्या मागच्या टेकाडांवर दालचिनी. एका पडवीत तीन माणसं पाय पसरून बसली होती. एकाने फांदीची वरची साल खरवडली, मग पितळी दांड्याने तिला रगडत राहिला, आतली साल सुटी व्हावी म्हणून. मग सुरीने दोन उभ्या रेघा, आणि साल अख्खीच्या अख्खी निघून आली, कागदासारखी पातळ. ती एकात एक घालून, मध्ये तुकडे भरून लांब नळी करतात आणि छपराखाली सुतळ्यांवर सावलीत वाळवतात. जितकी बारीक नळी तितका भाव जास्त. आपल्याकडे दालचिनी म्हणून जाड, कडक साल मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया. ही बोटांनी चुरगळते.

याच वासापायी आधी पोर्तुगीज आले, १६४०मध्ये डच. गॅलेचा किल्ला डचांनी असा भक्कम केला की २००४च्या त्सुनामीत तटाच्या आतलं गाव बऱ्याच अंशी वाचलं, बाहेरचं बसस्टँड आणि मैदान बुडालं. कोलंबोच्या वाटेवर पेरलियाला रेल्वे अख्खी वाहून गेली, हजाराहून जास्त माणसं गेली. तिथे स्मारक आहे, थांबलो.

पूर्व किनारा राहिला. त्रिंकोमाली, बट्टिकलोआ, अरुगम बे. समुद्र तिकडे एप्रिल ते सप्टेंबर शांत असतो, आणि गॅले-मिरिस्साच्या बाजूला डिसेंबर ते मार्च. तेव्हा पोहायचं असेल तर महिना बघून किनारा निवडावा. तळी भरलेली बघायची असतील तर जानेवारी-फेब्रुवारी. भावाने फेब्रुवारी धरला आहे. हळद तेव्हा काढणीला येते, हे मी त्याला अजून आठवण करून दिलेलं नाही.